चिरोट्याला पदर सुटतात, मग पफलाही सुटतील: थर्टीफर्स्टच्या पाहुण्यांसाठी तीन सोपे खारे प्रकार

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "थर्टीफर्स्टला कोण काय आणतंय?" असा मेसेज पडतो. पुलाव, रशियन सॅलड, कोल्ड्रिंक ही नावं पहिल्या पाच मिनिटांत जातात. मागे उरतं ते अवघड वाटणारं काम. गच्चीवर लोक जमायला लागलेत, जेवणाला अजून दीड तास आहे, अशा वेळी येता-जाता तोंडात टाकायला काहीतरी खारं आणि कुरकुरीत हवं. भजी कोण तळत बसणार? ते काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे आणि मी ते पफवर, म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या मैद्याच्या पिठावर, निभावते. बघणाऱ्याला वाटतं फार मोठी कारागिरी आहे. खरं सांगते, दिवाळीत चिरोटे करताना जी कंबर मोडते, त्याच्या निम्मेही कष्ट यात नाहीत.

आधी नावाचा घोळ मिटवू. पुण्यात बेकरीत 'पॅटिस' मागितलं तर मैद्याच्या पापुद्र्यांचं, आत बटाट्याची भाजी भरलेलं मिळतं. गाडीवर मागितलं तर बेसनात बुडवून तळलेलं ब्रेडचं मिळतं, उपासाला बटाट्याच्या पारीत खोबरं भरलेलं, आणि चौपाटीवर रगड्याखाली दडलेलं. आपण बोलतोय ते बेकरीतल्या पॅटिसबद्दल, फक्त आकाराने दोन घासांचं. इराण्याकडे चहाबरोबर येणारी खारी ही त्याचीच बहीण, पोटात काही नसलेली. खारी चहात बुडवून खाल्ली असेल तर पफ तुम्हाला नवा नाही.

पदर सुटतात कसे

हे दोन मिनिटं वाचा, कारण पुढची प्रत्येक सूचना इथूनच निघते.

चिरोट्याला आपण पोळीवर साटा लावतो. तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉवर फेसून केलेला साटा दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून तळताना पदर मोकळे होतात. पफमध्ये साट्याच्या जागी लोण्याचा सलग, घट्ट थर असतो. लोणी आत ठेवून पीठ लाटायचं, तीनपदरी घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे ७२९ थर होतात. एकाला तीनाने सहा वेळा गुणून बघा.

आता लोण्यात पाणी असतं. बाजारातल्या टेबल बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी धरा. ओव्हनच्या कडक उष्णतेत त्या पाण्याची, आणि पिठातल्याही पाण्याची, वाफ होते. ती वाफ वरचा पदर उचलून धरते, तेवढ्यात लोणी पिठात मुरतं आणि उचललेला पदर तिथल्या तिथे कडक होतो. यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. वाफेवर सगळा खेळ.

म्हणजे लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच विरघळलं तर थर संपले, उरला तुपकट मैदा. आणि ओव्हन कोमट असेल तर वाफ व्हायच्या आधी लोणी गळून ट्रेमध्ये येणार. ओव्हनच्या दारापर्यंत सगळं गार, आणि दाराच्या आत सगळं तापलेलं, एवढं पाळलंत की नव्वद टक्के काम झालं.

माझा पहिला प्रयत्न याच ठिकाणी आपटला होता. पाहुणे सात वाजता येणार होते आणि साडेसहाला मी कढईतून उतरलेली बटाट्याची भाजी थेट पफच्या लाटलेल्या शीटवर घातली. पाच मिनिटांत तळ ओला झाला, त्रिकोण उचलायला गेले तर भाजी हातात आणि पीठ ओट्यावर. जे उरले ते भाजले, तर ट्रेमध्ये तुपाचं तळं आणि त्यात पोहणाऱ्या चपट्या करंज्या. मुलांनी त्याही खाल्ल्या, पण कशा आहेत ते कुणी सांगितलं नाही.

शीट आणताना

नवशिक्याने पहिल्यांदा तयार फ्रोझन शीटच आणावी. त्यात कमीपणा नाही. मोठ्या सुपरमार्केटमध्ये, बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन किराण्यात ती मिळते. पाकिटाच्या मागे घटक वाचा. बटर लिहिलं असेल तर चव उत्तम, पण हाताळताना घाई करावी लागते. मार्गरिन (वनस्पती तेलापासून केलेलं, लोण्यासारखं घट्ट) किंवा वनस्पती तेल असेल तर शीट लवकर मऊ पडत नाही. बेकऱ्यांमध्ये म्हणूनच मार्गरिन चालतं, आपल्या उन्हाळ्यात बटर टिकतंय कुठे? त्याचा तोटा एवढाच की खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट पापुद्रा राहतो, कारण ते तोंडाच्या उबेत पूर्ण वितळत नाही. पहिल्यांदा करताना मी मार्गरिनवालीच घ्या म्हणेन. हात बसला की बटरकडे वळा.

पाकीट दुकानातच हाताने चाचपून बघा. शीट वाकडीतिकडी गोठलेली असेल किंवा आत बर्फाचे खडे दिसत असतील, तर ती वाटेत कुठेतरी विरघळून पुन्हा गोठली आहे. अशी शीट घड्यांवर चिकटते आणि उलगडताना फाटते. ठेवून द्या परत.

अमेरिकेतल्या मंडळींना पाकिटात तीन घड्या घातलेल्या दोन चौकोनी शीट मिळतात. इंग्लंडमध्ये ३२० ग्रॅमची, कागदासकट गुंडाळलेली लांबट शीट मिळते, ती लाटावीही लागत नाही. थँक्सगिव्हिंगच्या नाहीतर नाताळच्या पॉटलकला हे प्रकार नेणार असाल, तर पुढची मापं आकाराच्या अंदाजाने थोडी हलवा. मी इथे साधारण २५ सेंटिमीटरचा चौकोन, वजनाने अडीचशे ग्रॅमच्या आसपास, असा धरला आहे.

शीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये आणून ठेवावी. विसरलात तर डिसेंबरात ओट्यावर अर्धा-पाऊण तास लागतो, मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटांत ती लोळागोळा होऊ शकते. तयार झाली की नाही हे घड्याळापेक्षा कोपरा सांगतो. कोपरा हळूच वाकवा. तडा गेला तर अजून थांबा. बोटाला चिकटला तर उशीर झाला, दहा मिनिटं फ्रीजमध्ये पाठवा. न तुटता, जाड कापडासारखा वाकला आणि हाताला गार लागला, की कामाला लागा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र शीट कधीही मऊ करायला जाऊ नका.

घरीच करायचं असेल तर

काही जणींना विकतच्या पाकिटाचं वावडं असतं, किंवा गावात ते मिळत नाही. सहा घड्यांचा पूर्ण पफ करायला बसू नका, त्याचा 'घाईचा' भाऊ करा. २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम फ्रीजमधलं घट्ट बटर (खारं असेल तर वेगळं मीठ नको), एक चमचा लिंबाचा रस आणि साधारण ११० ते १२० मिलिलिटर बर्फाचं पाणी. बटरचे बोराएवढे तुकडे करून मैद्यात घोळवा. चोळायचे नाहीत, तुकडे दिसले पाहिजेत. पाणी घालून जेमतेम गोळा होईल इतपत आणा. तो ओबडधोबड, चट्ट्यापट्ट्याचा दिसतो आणि पोळीची कणीक मळायची सवय असलेला हात शिवशिवतो. मळू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग लांबट आयत लाटून पत्रासारखी तीनपदरी घडी घाला, गोळा पाव वळण फिरवून पुन्हा लाटा आणि पुन्हा घडी. अर्धा तास फ्रीज. परत दोन घड्या. एकूण चार झाल्या की पुरे. तासभर विश्रांती देऊन वापरा. यातून वरच्या मापाच्या दोन शीट निघतात. चिरोट्याला हात बसलेल्या बाईला हे दुसऱ्या खेपेला जमतंच.

तीन शीट, पन्नास नग

पंधरा माणसांना जेवणाआधी माणशी तीन नग असा माझा हिशेब आहे. एका शीटचे १६ त्रिकोण, दुसरीच्या २० चकऱ्या, तिसरीच्या १६ काड्या. दोन-चार करणाऱ्याच्या तोंडात जातात, ते धरलेलंच आहे.

*बटाट्याचे त्रिकोण.* एक मोठा बटाटा (दीडशे ग्रॅम), पाव वाटी मटार, एक छोटा कांदा. चमचाभर तेलात मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा, आलं-मिरचीचा ठेचा, हळद, मग वाफवलेले मटार आणि कुस्करलेला बटाटा. वड्याच्या सारणासारखंच, पण दोन फरक आहेत. एक, मीठ-तिखट जरा चढं ठेवा, कारण भोवती अळणी मैद्याचे इतके पदर येतात की वड्याला पुरेसं मीठ इथे कमी पडतं. दुसरं, कोरडं. कढईत परतताना कालथ्याला चिकटेनासं झालं आणि कडेने सुटायला लागलं की गॅस बंद करा. टोमॅटो घालू नका, लिंबू शेवटी चार थेंब. कोथिंबीर धुऊन निथळून, शक्यतो पंच्यावर पसरून घालावी. मग ताटात पसरून पूर्ण गार करा आणि वर वीस मिनिटं फ्रीजमध्ये.

पोळपाटावर किंचित मैदा भुरभुरवून शीट २८ सेंटिमीटरपर्यंत अलगद लाटा. लाटणं मधून बाहेर न्यायचं आणि कडांवर दाबायचं नाही. मग कडा सरळ कापून घ्या, अर्धा सेंटिमीटर गेली तरी चालेल. पाकिटातल्या शीटची कड दबलेली असते, ती तशीच ठेवली तर त्या बाजूने पफ फुगत नाही. कापताना धारदार सुरी सरळ खाली दाबा. पोळीसारखी ओढत नेली तर पदर एकमेकांवर घासून चिकटतात. पिझ्झा कापायचं चाक असेल तर उत्तम, आमच्याकडे शंकरपाळ्याचं कातणं होतं, त्याच्या नागमोडी कडेने पदर दाबले जातात, म्हणून मी ते बंद केलं. नीट कापलेली कड डोळ्याजवळ धरून बघा, जुन्या जमाखर्चाच्या वहीची पानं बाजूने दिसतात तशा बारीक रेघा दिसतील. त्या रेघा दिसल्या तर पफ फुलणार.

चार गुणिले चार असे सोळा चौकोन करा. प्रत्येकात चहाचा एक चमचा सारण, मध्यापासून जरा कोपऱ्याकडे. इथे सगळ्यांचा हात सुटतो, करंजीसारखं गच्च भरायचा मोह होतो. भरू नका, फाटतं. दोन कडांना बोटाने पाणी लावा, समोरचा कोपरा आणून त्रिकोण करा, कड बोटाने दाबा आणि वरून सुरीच्या टोकाने एक बारीक चीर द्या. सारणातली वाफ तिथून जाते, नाहीतर ती स्वतःची वाट काढते आणि ती वाट नेमकी सांध्यातून असते.

सामिष मंडळींसाठी याच मापात दीडशे ग्रॅम खिमा कांदा, आलं-लसूण आणि घरच्या गरम मसाल्यात पूर्ण शिजवून, पाणी पार आटवून भरा. वेगळा ट्रे, वेगळी सुरी. त्या त्रिकोणांना दोन चिरा द्यायच्या, म्हणजे वाढताना घोळ होत नाही.

*लसणाच्या चकऱ्या.* आळुवडीचा रोल करता येतो? मग हे आलंच. दुसरी शीट कागदावर उलगडा. दोन टेबलस्पून सुकी लसणाची चटणी एक चमचा मऊ बटरमध्ये कालवा आणि शीटभर पातळ पसरा, लांबची एक कड बोटभर मोकळी सोडून. वर तीन चीज क्यूब किसून पेरा. चटणीतही मीठ आहे आणि चीजमध्येही, वेगळं घालू नका. मोकळ्या कडेला पाण्याचं बोट फिरवून त्या दिशेने गुंडाळा. घट्ट हवं, पण बाकरवडीइतकं आवळायचं नाही, आतल्या वेटोळ्यांना फुगायला जागा लागते. आवळलेल्या चकरीचा मध्य भाजताना वर उठून टोपी होते.

आता रोल कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये वीस मिनिटं. हा टप्पा गाळलात तर सुरीखाली चकरीची चपटी पोळी होईल. बाहेर काढून सव्वा सेंटिमीटरचे काप करा, आडवे मांडा, शेपूट खाली दुमडून. हिरवी चटणी वापरायची असेल तर पाणी न घालता वाटा आणि गाळणीत दाबून घ्या. तरीही मी सुकी चटणीच सुचवीन. तिच्यातलं खोबरं ओव्हनमध्ये खमंग होतं, हिरवी काळवंडते.

*ओव्याच्या पिळाच्या काड्या.* सगळ्यात सोप्या आणि गच्चीवर सगळ्यात आधी संपणाऱ्या. तिसऱ्या शीटच्या अर्ध्या भागाला दुधाचा हात लावा, त्यावर अर्धा चमचा हातावर चोळलेला ओवा, दोन चमचे तीळ, भरड मिरपूड आणि दोन क्यूब चीज किसून. उरलेला अर्धा भाग त्यावर पालथा घाला, लाटण्याने हलकेच दाबा. दीड-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, दोन्ही टोकं धरून तीन-चार पीळ द्या आणि टोकं ट्रेच्या कागदावर दाबून बसवा, नाहीतर ओव्हनमध्ये पीळ उलगडतो. तीळ ओट्यावर सांडतात, सांडू द्या.

तिन्ही प्रकार ट्रेवर मांडून झाले की पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. तेवढ्यात ओव्हन तापतो.

भाजणं

घरचा ओटीजी (ओट्यावरचा विजेचा लहान ओव्हन) असेल तर वरच्या-खालच्या दोन्ही कॉइल चालू, २०० अंश सेल्सिअस, पंधरा मिनिटं रिकामा तापवायचा. दिवा विझला तरी आणखी पाच मिनिटं द्या, लहान ओटीजीचे आकडे थोडे आशावादी असतात. फॅन चालू ठेवणार असाल किंवा मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करणार असाल तर १८० अंश. साध्या मायक्रोवेव्हवर हे होत नाही, पिठूळ रबर हाती येतं. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर बारा ते चौदा मिनिटांत होतं, पण एका खेपेला सहा-सातच बसतात. पन्नास नगांना रात्र सरेल.

ट्रेवर बेकिंगचा कागद घाला. मिठाईवाल्याकडचा पातळ बटर पेपर बऱ्याचदा तळाला चिकटून येतो. दोन नगांमध्ये दोन बोटं अंतर.

रंगासाठी एक अंडं, एक चमचा दूध आणि चिमूटभर मीठ फेटून ब्रशने वरून लावायचं. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. अंड्याचा ओघळ कापलेल्या कडेवर आला तर तो तिथे शिजून डिंकासारखा बसतो आणि त्या बाजूचे पदर सुटतच नाहीत. पॅटिस एका अंगाने फुगलं आणि दुसऱ्या अंगाने चपटं राहिलं तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार हा ओघळ असतो. अंडं न खाणाऱ्यांसाठी दूध आणि सायीचं मिश्रण लावा. रंग अंड्याइतका चढत नाही, पण कुणी तक्रार करत नाही.

ट्रे मधल्या खणात. काड्यांना चौदा ते सोळा मिनिटं, चकऱ्यांना पंधरा ते अठरा, त्रिकोणांना अठरा ते बावीस. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी. काचेतून बघा. पाचव्या मिनिटाला काहीच घडत नाही आणि पोटात गोळा येतो. सातव्या-आठव्याला त्रिकोणांच्या कडा थरथरल्यासारख्या होतात, बारीक बुडबुडे फुटताना दिसतात, आणि मग बघता बघता ते दुप्पट-तिप्पट उंच होतात. मी अजूनही त्या वेळी स्टूल ओढून ओव्हनसमोर बसते.

काढायची घाई बहुतेक जण करतात. वरून पिवळसर सोनेरी दिसलं म्हणजे झालं असं नाही. एक नग चिमट्याने उचलून तळ बघा. तळ बदामी आणि कोरडा हवा, आणि कडेच्या पदरांमध्ये ओलसर पांढरी रेघ दिसता कामा नये. वरून रंग पुरे आणि आत कच्चं असेल तर वर फॉइलचा तुकडा सैल ठेवून १७० अंशांवर आणखी पाच-सात मिनिटं द्या. तळ वारंवार ओला राहत असेल तर ट्रे एक खण खाली आणा.

भाजून झाल्यावर जाळीवर काढा. जाळी नसेल तर गॅसची धुतलेली जाळी किंवा उलटी चाळण चालते. आणि आता आपल्या घरोघरीची खोड: गरम पदार्थ डब्यात भरून झाकण लावायचं. पोळ्यांना ते शोभतं. पफ झाकलात तर त्याचीच वाफ त्याच्या अंगावर पडते आणि दहा मिनिटांत खारीचा पाव होतो. न्यायचंच असेल तर पूर्ण गार करा, डब्यात टिश्यू घाला, झाकण तिरकं ठेवा, आणि तिथे पोचल्यावर १८० अंशांवर पाच मिनिटं पुन्हा गरम करा.

कधी काय करायचं

पाहुण्यांच्या दिवशी सगळं करायला घेतलंत तर तुमचा थर्टीफर्स्ट स्वयंपाकघरात जाईल. त्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी दुपारी एकदा बसा आणि त्रिकोण भरून, चकऱ्या कापून, काड्या पिळून सगळं ट्रेवर एकमेकांना न लागता फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत दगडासारखे झाले की पिशवीत भरा. महिनाभर टिकतात. अंड्याचा हात आत्ता लावायचा नाही, भाजायच्या आधी लावायचा. आणि भाजताना विरघळवायचे नाहीत, गोठलेलेच तापल्या ओव्हनमध्ये घालायचे, वेळ पाच मिनिटं जास्त धरून. गोठलेले नग ताज्यापेक्षा सुबक फुगतात असं माझं मत आहे. लोणी इतकं गार आणखी कधी असणार?

संध्याकाळी पहिला ट्रे पाहुण्यांच्या वेळेआधी वीस मिनिटं आत घाला. बेल वाजते तेव्हा घरभर भाजलेल्या लोण्याचा वास असतो, आणि तो वास अर्धं आदरातिथ्य करतो. दुसरा ट्रे अर्ध्या तासाने. सगळे पन्नास एकदम भाजून टेबलावर मांडू नका, गार होतात आणि कुणी बघत नाही. बटाट्याचे आणि खिम्याचे नग दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचे नाहीत, उरले तर फ्रीजमध्ये. बरोबर टोमॅटो सॉस लोक मागतातच, द्या. चकऱ्यांबरोबर मी गार दह्यात मिरपूड आणि किसलेली काकडी घालून ठेवते, काकडी पिळून.

राहिल्या त्या कापलेल्या कडा. त्यांचा गोळा करून पुन्हा लाटू नका, पदरांची मोडतोड होते. एकावर एक आडव्या रचून लाटण्याने दाबा, बोटभर तुकडे कापा, वर मीठ-जिरं भुरभुरवा आणि शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यात सारा. त्यांची वेडीवाकडी खारी होते. ती पाहुण्यांना दाखवू नका. एक तारखेला सकाळी उशिरा उठल्यावर पहिल्या चहाबरोबर घरच्यांसाठी ठेवा.